मनाच्या दुखण्याचं औषध तालुक्यातच हवं: आमदारांकडे काय मागायचं?

हातातलं काम हातात राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

महाड आणि पोलादपूरकडच्या गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न निघतो. "आमदार येतात, सभापती येतात. आम्ही रस्ता मागतो, साकव मागतो, नळपाणी मागतो. मनाच्या आजारासाठी मागायचं म्हटलं तर नेमकं काय मागायचं? आणि ते आमदाराचं काम तरी आहे का?" आजच्या बोलण्यात आम्ही एवढंच धरलं आहे. आजाराची लक्षणं, औषधं हे सगळं डॉक्टरताई वेगळ्या भागात सांगतील.

मनाचं दुखणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एसटी स्टँडवर केस पिंजारून हिंडणारा माणूस येतो. तो त्यातला एक झाला. पण रात्ररात्र छताकडे बघत पडलेली सासू, बाळंतपणानंतर मुलाला जवळ घ्यायला नको म्हणणारी सून, मुंबईची नोकरी सुटून गावी आलेला आणि दार लावून बसलेला मुलगा, संध्याकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत तो घरधनी, ही सगळी दुखणी यातच येतात. दारू आणि नशेमुळे होणारे मनाचे आजारसुद्धा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात धरले आहेत. म्हणजे आपल्या जवळजवळ प्रत्येक वाडीचा हा विषय आहे.

आणि आपल्या भागाला तर तो जास्तच लागू आहे. २२ जुलै २०२१ चा दिवस कुणाला सांगायला नको. तळीयेवर डोंगर आला, ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यावर दरडी आल्या, आणि महाड शहर पुरात बुडालं. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल गाड्यांसकट गेला. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत खाली बसली. प्रत्येक वेळी घरांचे पंचनामे झाले, भातशेतीचे झाले, गुरांचे झाले. झोपेचा पंचनामा कुणी केला नाही. छपरावर पहिली सर वाजली की उठून दारात बसणाऱ्या बाया आपल्याकडे आजही आहेत. त्यातच दरडीच्या वाड्यांना पावसाच्या तोंडावर नोटीस येते, सुरक्षित जागी जा म्हणून. नोटीस फळीवर, डोंगर डोक्यावर, आणि जायचं कुठे ते ठरलेलं नाही.

आता औषधाचं बघू. एका वाडीतली बाई आहे, नावगाव सांगत नाही. दोन वर्षं घरातून बाहेर पडत नव्हती. औषध सुरू झालं, सहा महिन्यांत माणसांत आली, गटाच्या बैठकीला बसू लागली. पण ते औषध दर महिन्याला जिल्ह्याच्या गावाहून आणायचं. महाडहून अलिबाग शंभर किलोमीटरच्या वर, पोलादपूरहून त्याहून लांब, आणि वाडीवरून पोलादपूरला उतरायचं ते आधीच. एसटीत आपल्याला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण सोबत येणाऱ्या भावाचं पूर्ण, आणि त्याचा रोज बुडतो तो निराळा. लावणीच्या दिवसांत तर माणूस सुटतच नाही. आषाढात तिचं औषध तुटलं. गणपतीपर्यंत दुखणं परत आलं. गाव म्हणालं, "बघा, गोळ्यांनी काही होत नाही." गोळीनं काम केलं होतं. गोळी घरापर्यंत येण्याची सोय नव्हती. आपली मागणी या सोयीची आहे, दयेची नाही.

कारण हा हक्क कायद्यात आधीच लिहिलेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यातलं कलम १८ प्रत्येक गटानं वहीत उतरवून घ्यावं. त्यात म्हटलं आहे की सरकारी खर्चानं चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. ही सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सगळ्या पातळ्यांवर नेहमीच्या सेवेत मिसळलेली असावी. आजारी माणसाला त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या जागेच्या जवळ असावी. ही आमची भर नाही, कलमातलंच आहे. आणि आपल्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, अत्यावश्यक यादीतली मनोविकाराची औषधं सरकारी दवाखान्यांत सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीपासून वर फुकट आणि सदासर्वकाळ मिळाली पाहिजेत. आपल्याकडे ती पातळी म्हणजे ग्रामीण रुग्णालय. म्हणजे पोलादपूर. म्हणजे महाड. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला उपचार फुकट, मग हातात पिवळं कार्ड असो वा नसो.

याच कायद्यानं माणसाला साखळीनं बांधून ठेवायला बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानात साखळीनं बांधलेली २८ माणसं पळू शकली नाहीत, तिथंच गेली. आपल्याकडे कुणी घरात असं बांधून ठेवलं असेल तर त्या घराशी भांडू नका. बहुतेक वेळा ते घर दमलेलं असतं, त्याला वाट दाखवा. आणि रस्त्यावर हिंडणाऱ्या आजारी माणसांना बरं करून घरी पोचवायचं काम आपल्याच जिल्ह्यात, कर्जतला, डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था करते. त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. थोडं विषयांतर झालं, पण हे माहीत असावं.

तर आता दारं कोणती? इथं आपल्या बायकांच्या फार चकरा फुकट जातात. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, वरचा माणूस जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याच्या आरोग्य विभागाकडे, त्याचे वरिष्ठ अलिबागचे जिल्हा शल्यचिकित्सक. मनोविकाराची सेवा जिल्हाभर पोचवायला केंद्र सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, तो देशात १९९६ ला सुरू झाला. म्हणून पंचायत समितीत जाऊन ग्रामीण रुग्णालयाची तक्रार केली तर ते खांदे उडवणार, आणि त्यांचं तसं चुकत नाही. उपकेंद्रातल्या सेवेची गोष्ट असेल तर जिल्हा परिषद सदस्य. ग्रामीण रुग्णालयाचं औषध, डॉक्टर, वार, ही गोष्ट असेल तर आमदार.

आमदाराचं काम कायदे करणं आणि सरकारला प्रश्न विचारणं. आपण त्यांना गटार आणि हायमास्टचा दिवा सांगतो, मग तेही तेच करत बसतात. महाड विधानसभा मतदारसंघात महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके येतात, माणगावचा काही भागही. आमदार कुठल्या पक्षाचे हे आपल्या कामात येत नाही, आज हे आहेत, उद्या दुसरे असतील, अर्ज तोच राहील. विधिमंडळाची वर्षात तीन अधिवेशनं होतात, अर्थसंकल्पाचं आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. तिथं आमदार तारांकित प्रश्न विचारतात, त्याला मंत्र्यानं उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर छापून राहतं. हे प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावू नका, निदान दोन महिने आधी भेटा.

आणि प्रश्न आपणच लिहून न्या. आमदारांच्या कार्यालयात शेकडो कागद येतात. तयार प्रश्न असला तर तो पुढे सरकतो. असा लिहिता येईल: "रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर येथील शासकीय रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून किती दिवस व कोणत्या वारी उपलब्ध असतो? मनोविकारांवरील अत्यावश्यक औषधे गेल्या बारा महिन्यांत कोणकोणत्या दिवशी शिल्लक नव्हती? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १८ नुसार या दोन तालुक्यांत सेवा जवळ उपलब्ध करून देण्यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली आहे?" बस. भाषण नको. यातली माहिती आधी माहितीच्या अधिकारातही मागता येते. १० रुपयांचा स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर. ते उत्तर अर्जाला जोडलं की अर्जाचं वजन वाढतं.

आता आकडा. राजकारणातल्या माणसाला दुःख समजतं, नाही असं नाही, पण त्याला मोजता येईल असं काही लागतं. आपण माणसांची यादी करायची नाही. पुन्हा सांगतो, यादी करायची नाही, नावं लिहायची नाहीत. आजाराची माहिती गुप्त राहणं हाही याच कायद्यातला हक्क आहे, आणि लग्नाच्या मुलीचं नाव एकदा वहीत गेलं की ती वही कुठं कुठं फिरते ते आपल्याला ठाऊक आहे. त्यापेक्षा चिंचोके घ्या. गटाच्या बैठकीत मध्ये चार सुपं ठेवा, वर फडकं टाका. पहिल्या सुपात ती बाई चिंचोका टाकेल जिला वाटतं आपल्या घरात मनाच्या दुखण्याला डॉक्टर हवा. दुसऱ्यात, जिच्या घरात औषध चालू आहे. तिसऱ्यात, जिच्या घरात चालू होतं आणि मध्येच सुटलं. चौथ्यात, ज्या घराला त्यासाठी तालुक्याबाहेर जावं लागतं. फडक्याखाली हात गेला की कुणी कुठल्या सुपात टाकलं ते दिसत नाही. शेवटी मोजा, चार आकडे लिहा, गटाचं नाव आणि तारीख घाला. दहा गटांनी केलं की कागद उभा राहिला. सोबत एका फेरीचा खर्च मांडा: तिकिटं, चहापाणी, दोन माणसांचा रोज.

भेटायला पाच जणी जा, पन्नास नको. मोर्चा वेगळा, ही भेट वेगळी. उद्घाटनाच्या गर्दीत हार घालताना कागद पुढे करू नका, तो हाराबरोबरच गाडीच्या डिकीत जातो. कार्यालयातून वार आणि वेळ मागून घ्या. एकीनं बोलायचं, एकीनं लिहायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची. कुठल्याही आजारी माणसाला किंवा त्याच्या आईला दाखवायला सोबत नेऊ नका. कागद एकाच पानाचा. त्यावर मागण्या तीनच, आणि तिन्ही पुऱ्या झाल्या की नाही ते कोणालाही बघता येईल अशा. महाडला आणि पोलादपूरला मानसोपचारतज्ज्ञाचा ठरलेला वार, तो दाराबाहेर पाटीवर लिहिलेला. औषधं एका वेळी दोन महिन्यांची, म्हणजे लावणीत तुटणार नाहीत, अर्थात डॉक्टरांना ते त्या आजारात योग्य वाटलं तर. आणि दरड-पुराच्या गावांसाठी मे-जूनपासूनच समुपदेशकाच्या फेऱ्या, आपत्ती आली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालू ठेवलेल्या. "मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे" असं लिहिलंत तर "लक्ष देऊ" एवढंच उत्तर मिळेल.

तिथं तुम्हाला काय ऐकायला मिळेल ते आधीच सांगतो. पहिलं, "लोक येतात कुठे? सगळे भगताकडे जातात." याला आपल्याच मातीतलं उत्तर आहे. आपल्या भागात विंचू चावला की लोक मांत्रिकाकडे धावायचे. गंभीर विंचूदंशाच्या १०० रोग्यांपैकी २५-३० दगावायचे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, पुढे पोलादपूरला, महाडला. रोग्याच्या उशाशी बसून बसून त्यांनी शोधलं की रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी इथं जीव वाचवते. मृत्यू १०० त एकाच्या आसपास आले. ते जगानं मानलं, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. आज विंचू चावलेलं पोर आपण उचलून दवाखान्यात नेतो, कारण तिथं गोळी आहे हे ठाऊक आहे. भगताची टिंगल करून लोक दवाखान्यात येत नाहीत. दवाखान्यात गोळी असली की येतात. हे सांगा आणि गप्प बसा, समोरच्याला पटायला वेळ द्या.

दुसरं, "तज्ज्ञ डॉक्टरच नाहीत, आणायचे कुठून?" हे खोटं नाही. तज्ज्ञ कमी आहेत. पण कायद्यानंच सरकारवर डॉक्टरांना या कामाचं प्रशिक्षण द्यायची जबाबदारी टाकली आहे, आणि लोकसंख्येच्या मानानं पुरेशी तज्ज्ञ माणसं उभी करायचा प्रयत्न कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत करायला सांगितलं आहे. ती दहा वर्षं २०२८ ला भरतात. हा मुद्दा आमदारांना आवडेल, कारण तो विधानसभेत मांडता येतो. शिवाय सगळंच तज्ज्ञावर अडत नाही. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत आत्मीयता नावाचा उपक्रम केला. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला, धीर द्यायला आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत पोचवायला शिकवलं. गोव्यात संगाथ संस्थेनंही डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून असंच काम करून दाखवलं. मग महिन्यातून एक वार तज्ज्ञ आणि बाकीचे दिवस शिकलेला वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई, एवढं मागणं जास्त होत नाही. आशाताईवर आणखी एक काम टाकताना तिचा मोबदलाही मागा, नाहीतर आपणच एका बाईचं ओझं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवलं.

तिसरं, "निधी बसत नाही." आमदारनिधी खरंच पगाराला चालत नाही, तो बांधकाम आणि वस्तूंना असतो. त्यातून समुपदेशनाची बंद खोली मागा, कारण बाह्यरुग्णाच्या रांगेत उभं राहून कुणी मनातलं बोलत नाही. बाकी गोष्टींसाठी जिल्हा नियोजन समिती आहे, आमदार तिथं बसतात. आणि आपल्या ग्रामपंचायतीतच स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. ज्याला तसं प्रमाणपत्र मिळतं, त्याच्या औषधाच्या फेरीचा खर्च या ५ टक्क्यांतून का नको, हे सरपंचांना विचारून बघा.

भेट झाली, आमदार "करतो" म्हणाले. मग? मग खरी मेहनत. हे महाडच्या बाईला वेगळं समजवायला नको. मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. दोन दोन ठराव कागदावर होते आणि ओंजळीत पाणी नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ते पाणी ओंजळीत आलं. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेनं तो ठराव मागे घेतला. कोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. आपली गोष्ट तेवढी मोठी नाही, पण ठराव झाल्यावर घरी जायचं नसतं हे आपल्या गावानं शंभर वर्षांपूर्वी शिकून घेतलं आहे. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह. पंधरा दिवसांनी फोन, महिन्यानं स्मरणपत्र. पाटीवर वार लिहिला गेला की दर त्या वारी गटातली एक जण रुग्णालयात जाऊन बघेल, डॉक्टर आले का, औषध होतं का, आणि वहीत टिपेल. भांडायला नाही, टिपायला. वर्षाची ती वही म्हणजे पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न.

या सगळ्याला वेळ लागेल. ज्या घराला आज रात्रीच मदत हवी आहे त्यांनी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाला असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, शेजारी बसा, फोन लावून द्या. पोलीस केस होईल या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचा असं ठरवलं आहे. तुमच्या वाडीत रेंज नसेल तर रेंज कुठल्या दगडावर मिळते ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत.

आता पुढच्या ग्रामसभेची तयारी. त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथूनच हा ठराव वर पाठवा. मजकूर लिहून घ्या, आम्ही हळू वाचतो: "मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १८ नुसार आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाचा ठरलेला वार व अत्यावश्यक औषधांचा कायम साठा उपलब्ध करून द्यावा, आणि दरडप्रवण वाड्यांमध्ये पावसाळ्यापूर्वीपासून समुपदेशन सुरू करावे, अशी ही सभा मागणी करीत आहे. ठरावाची प्रत मा. आमदार, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांना पाठवावी." सूचक म्हणून एका बाईचं नाव, अनुमोदक म्हणून दुसरीचं. इतिवृत्तात ठराव क्रमांक पडल्याशिवाय उठू नका, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून सही-शिक्क्याची नक्कल घ्या.